बेड आला, डावी बाजू नाही आली!

‘काका, ओटीपी सांगा ना. मग मी निघतो.’

लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, शनिवारी सकाळी साडेअकराला फिटिंगवाला दादा बाबांना म्हणाला. त्या क्षणी खोलीत काय काय होतं? फाडलेले चार खोके, सगळीकडे उडालेला थर्माकोलचा चुरा, स्क्रूंची पिशवी, डोक्याकडची फळी, पायाकडची फळी आणि बेडच्या दोन उजव्या बाजू. हो, दोन्ही उजव्याच. ड्रॉवरची खाच दोघींनाही एकाच बाजूला. डावी बाजू खोक्यात आलीच नव्हती.

आणि दुपारी आजी हॉस्पिटलमधून घरी येणार होती.

‘ओटीपी कशाचा?’ बाबांनी विचारलं.

‘काम पूर्ण झाल्याचा.’

‘पण काम कुठे पूर्ण झालंय?’

‘नाही झालं, काका. पण ओटीपी टाकला नाही तर माझी व्हिजिट पकडत नाहीत. आजचे पैसे जातात. बाकी तुम्ही कस्टमर केअरला फोन करा, फळी येईल दोन दिवसांत.’

तो पोरगा वयाने माझ्याएवढाच असेल. घामाने भिजलेला, आणि अजून पाच घरं बाकी असलेला. बाबांनी आयुष्यभर हजेरीवर पगार मिळणारी नोकरी केली. व्हिजिट न पकडली जाणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चार आकडे सांगून टाकले.

त्या क्षणापासून कंपनीच्या लेखी आमचा बेड तयार होता. खोलीत मात्र तो नव्हता. पुढचे तेवीस दिवस आम्ही या दोन गोष्टींच्या मध्ये अडकलो होतो.

‘मी घेते बेड!’

आधी थोडं मागे जाऊ. आजी जन्मभर जमिनीवर झोपली. आमची खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी गुंडाळून ठेवायच्या. पलंग हवा, असं कोणी कधी म्हटलंच नाही, कारण पलंग आला तर माणसांनी कुठे बसायचं? मग एक दिवस आजी मोरीत पाय घसरून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ‘आता जमिनीवर बसणं बंद, झोपणं बंद. बसल्यावर पाय खाली टेकतील, पण गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत एवढ्या उंचीचा पलंग हवा. घरी नेण्याआधी सोय करा.’ हातात सात दिवस होते.

मला नोकरी लागून चार महिने झाले होते. ‘मी घेते बेड,’ मी जाहीर केलं. रविवारी आत्येभावाला सोबत घेऊन एका मोठ्या साखळीच्या फर्निचर शोरूममध्ये गेले. नाव सांगत नाही. कारण हा अनुभव मी ऑफिसमध्ये सांगायला लागले, तेव्हा तिसऱ्या वाक्यालाच कोणी तरी मध्ये पडून ‘अगं, आमच्याकडे पण सेम’ म्हणायचं, आणि प्रत्येकाचं दुकान वेगळं असायचं.

शोरूम म्हणजे स्वप्नच असतं. मंद पिवळा दिवा, गुबगुबीत उशा, शेल्फवर रंगाप्रमाणे लावलेली पुस्तकं. ‘लहान घरांसाठी’ म्हणून एक खोली मांडून ठेवली होती. ती आमच्या खोलीच्या दीडपट तरी होती. तिथेच तो बेड दिसला. साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, उंची अगदी डॉक्टरांनी सांगितली तशी, आणि खाली दोन ड्रॉवर. ड्रॉवर! आमच्या घरात दोन ड्रॉवर म्हणजे जवळजवळ नवीन खोली. किंमत १८,९९९. डिलिव्हरी आणि फिटिंगचे वेगळे. ईएमआय करून घेतला.

‘गुरुवारी डिलिव्हरी, शुक्रवारी फिटिंग,’ सेल्समन म्हणाला.

‘नक्की? शनिवारी माझी आजी घरी येतेय.’

‘हंड्रेड परसेंट, मॅडम.’

बिलावर मात्र ‘अंदाजे ४ ते ७ कामाचे दिवस’ असं छापलेलं होतं. ते मी वाचलं नाही. तुम्ही वाचता?

तिसरा मजला? लिफ्ट नाही?

गुरुवारी सकाळी मेसेज आला, ‘तुमची ऑर्डर निघाली आहे.’ बाबा दिवसभर घरी थांबले. संध्याकाळी सहाला दुसरा मेसेज: ‘ग्राहक उपलब्ध नसल्याने डिलिव्हरी होऊ शकली नाही.’ बाबा त्या वेळी गॅलरीत उभे राहून रस्त्याकडेच बघत होते. फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता.

शुक्रवारी टेम्पो आला, तो गल्लीच्या तोंडाशी थांबला. आत येणार नाही, म्हणाला. खोके उतरवले, मान वर केली आणि विचारलं, ‘कितवा मजला? लिफ्ट नाही? मग आमचं काम इथपर्यंतच.’ वाद घालून उपयोग नव्हता. बिलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, तेही लिहिलेलं होतं.

मग चाळीने काम हातात घेतलं. तीन खोके पोरांनी खांद्यावरून वर नेले. चौथा, सगळ्यात लांब, जिन्याच्या वळणावर अडकला. उभा केला तर वरच्या तुळईला लागायचा, आडवा केला तर कठड्याला. शेवटी गॅलरीतून दोर सोडला आणि खालून-वरून सूचनांचा भडिमार होत तो खोका तिसऱ्या मजल्यावर पोचला. चाळीत वाढलेल्या कोणालाही हे दृश्य नवीन नाही. आमच्याकडचं स्टीलचं कपाटही असंच वर आलं होतं, असं आजी सांगते. फरक एवढाच, की ते कपाट आख्खं आलं होतं.

शनिवारी फिटिंगवाला आला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुपारी तीनला आजीला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. तोपर्यंत शेजारच्या काकूंनी आपली लोखंडी खाट आमच्या खोलीत सरकवली होती. ती जरा बुटकी होती, म्हणून पायांखाली विटा लावल्या. बेडच्या फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. एकशे ऐंशी चौरस फुटांत खाट, फळ्या, वॉकर आणि चार माणसं. चालायचा सराव करायला आजीला गॅलरीत जावं लागायचं.

फळ्यांकडे बघून ती म्हणाली, ‘माझा मोडलेला खुबा त्यांनी एका सकाळी जोडला. ह्यांना नवाकोरा पलंग जोडता येईना?’

‘सिस्टिममध्ये कम्प्लीट दाखवतंय’

कस्टमर केअरचा पहिला फोन सोमवारी केला. एक दाबा, दोन दाबा, बासरीची धून, आणि बावीस मिनिटांनी एक गोड आवाज.

‘मॅम, सिस्टिममध्ये तुमचं इन्स्टॉलेशन कम्प्लीट दाखवतंय.’

‘माझ्यासमोर तर फळ्या दिसतायत.’

‘हो मॅम, पण ओटीपी आलेला आहे.’

जुनी तक्रार ‘बंद’, म्हणून नवीन तक्रार उघडली. फोटो मागितले. पाठवले. फोटोची साइज जास्त आहे, असं उत्तर आलं. लहान करून पाठवले. दोन दिवसांनी मेसेज आला, ‘तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आमच्या सेवेला किती स्टार द्याल?’ फळी आलेली नव्हती. पुन्हा फोन, पुन्हा बासरी, पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून आजीचा खुबा. तीन आठवड्यांत माझ्याकडे चार तक्रार क्रमांक जमले.

मग शोरूमला गेले. तोच सेल्समन भेटला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. पण तो म्हणाला, ‘मॅडम, आमचं काम विक्रीपर्यंत. पुढचं सगळं वेअरहाऊस बघतं.’ डिलिव्हरीवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘आम्ही सीलबंद खोके पोचवतो. आत काय आहे आम्हाला काय माहीत?’ फिटिंगवाला म्हणाला, ‘जे आलं तेच मी जोडणार ना?’ आणि कस्टमर केअर म्हणालं, ‘मॅम, आम्ही तक्रार फक्त पुढे पाठवू शकतो.’

गंमत म्हणजे चौघंही खरं बोलत होते. विक्री एकाची, गोदाम दुसऱ्याचं, टेम्पो तिसऱ्याचा, फिटिंग चौथ्याचं. प्रत्येकाने आपला तुकडा पूर्ण केला होता आणि प्रत्येकाकडे त्याचा पुरावा होता. फक्त बेड झाला नव्हता. बेडबरोबर जबाबदारीसुद्धा सुटी करून, वेगवेगळ्या खोक्यांत भरून पाठवलेली होती. ती जोडायचं काम आमचं, आणि त्याचं माहितीपत्रक काही मिळालं नव्हतं.

पाय काढले आणि टेबल गाडीत बसलं

फर्निचर सुटं विकायची ही पद्धत आली कुठून? सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट स्वीडनच्या आयकियाची. (आमचा बेड तिथला नव्हता, हे आधीच सांगते.) इंग्वार कांप्राद यांनी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी ही कंपनी काढली. पुढे १९५०च्या दशकात गिलिस लुंडग्रेन या त्यांच्या कर्मचाऱ्याला एक टेबल गाडीत बसेना, म्हणून त्याने टेबलाचे पाय काढले, असं सांगतात. १९५६ पासून कंपनीने सपाट खोक्यातून सुटं फर्निचर विकायला सुरुवात केली. वाहतूक स्वस्त झाली, गोदामात जागा वाचली, किंमत उतरली. जोडायचे कष्ट ग्राहकाकडे गेले आणि त्या बदल्यात त्याचे पैसे वाचले. सौदा सरळ होता.

भारतात त्यांचं पहिलं दुकान २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. तोपर्यंत इथल्याही साखळ्या आणि ऑनलाइन कंपन्या याच वाटेने जाऊ लागल्या होत्या. मात्र आपल्याकडे त्या सौद्यात एक बदल झाला. आपण स्वतः जोडत बसत नाही, जोडायला माणूस येतो. म्हणजे ग्राहक आणि वस्तू यांच्यामध्ये अजून एक माणूस, अजून एक कंत्राट आणि अजून एक ओटीपी.

मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली या तीन संशोधकांनी २०१२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता, ‘आयकिया इफेक्ट’ या नावाने गाजलेला. आपण स्वतःच्या हाताने जोडलेली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते, असं त्यांना प्रयोगांत दिसलं. पण त्यातली एक अट फारशी कोणी सांगत नाही: हे प्रेम काम पूर्ण झालं तरच वाटतं. अर्धवट राहिलेल्या वस्तूबद्दल ते वाटत नाही. ही अट आमच्या घरात कोणालाही प्रयोग न करता पटली असती.

लालबागला फर्निचर नवीन नाही

याच लालबागमध्ये १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली होती. १९२३ पासून त्यांची स्टीलची कपाटं निघू लागली आणि पुढे कपाट या वस्तूलाच लोक ‘गोदरेज’ म्हणायला लागले. दुसरीकडे परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये स्वतःचे सुतार असायचे. त्यातलेच एक आमच्या पहिल्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पण रंधा अजून धारदार. सगळे त्यांना सुतारकाका म्हणतात.

काका वर आले, फळी उचलून बघितली, कडेला नख लावलं. ‘हे लाकूड नाही गं. भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी. वाईट नाही, पण पाण्याला जपायचं. मोरीपासून लांब ठेव, नाहीतर पावसाळ्यात फुगेल. आणि स्क्रू एकदा बसवला की बसवला. दोन-तीनदा काढलास तर पकड जाईल.’ मग म्हणाले, ‘डावी बाजू ना? प्लाय आण, उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो.’

मी जवळजवळ ‘हो’ म्हटलं होतं. पण वॉरंटी कार्ड वाचलं (आता मी सगळं वाचायला लागले होते). बाहेरच्या कोणी दुरुस्ती किंवा बदल केला, तर वॉरंटी रद्द. म्हणजे काकांनी फळी केली तर आजीला उद्या पलंग मिळणार, पण उद्या दुसरं काही बिघडलं तर कंपनी हात वर करणार. नाही केली तर पैसे आणि हक्क शाबूत, पण आजी विटांवरच्या खाटेवर. घरात दोन दिवस यावर चर्चा झाली. शेवटी निकाल आजीनेच दिला. ‘पोरीच्या पहिल्या पगाराचे पैसे आहेत. मी थांबते. सोडू नका त्यांना.’

इथे ‘जुनं ते सोनं’ म्हणायचा मोह होतो. पण सुतारकाकांनी स्वतःच तो मोडून काढला. ‘आमचे वायदे काय कमी फसवे होते? दिवाळीला देतो म्हणायचं आणि होळीला द्यायचं!’ खरं आहे. सुतार लावला की घरात महिनाभर भुसा, रोज एक नवा खर्च, आणि शेवटचा आकडा कधीच पहिल्या आकड्याएवढा नाही. शोरूममध्ये निदान किंमत लिहिलेली असते, घासाघीस करावी लागत नाही आणि बावीस वर्षांच्या मुलीला ‘घरी कोणी मोठं नाही का?’ असं कोणी विचारत नाही. म्हणूनच तर आपण तिथे जातो. पण काकांचा वायदा फसला तर पहिल्या मजल्यावर जाऊन दार वाजवता यायचं. इथे दार नाही. बासरी आहे.

आता तर सगळेच घेणार

हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर लिहिलं नसतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोल्यांमधली कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या घरांत जाणार आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. गिरगावातही वाड्या आणि चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. यातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच बेड येणार, सोफा येणार, जेवणाचं टेबल येणार. अनेकदा ते घेणारी व्यक्ती घरातली सगळ्यात तरुण असणार, कारण ॲप तिला कळतं आणि ईएमआय तिच्या नावावर निघतो.

दुसरीकडे आपल्यातले बरेच जण भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार, मग नवीन घर. माझी दादरची मैत्रीण तीन वर्षांत तीन घरं बदलून झाली. तिचं कपाट तिसऱ्यांदा जोडलं तेव्हा सुतारकाकांचं म्हणणं खरं ठरलं. स्क्रू नुसते फिरत होते, पकडच नव्हती. गिरगावातल्या एका मित्राचा सोफा त्याच्या नव्याकोऱ्या टॉवरच्या लिफ्टमध्ये बसेना. चौदाव्या मजल्यावर तो जिन्याने चढवला, त्याचे पैसे सोफ्याच्या पायांपेक्षा स्वतःच्या पायांनी फेडले, असं तो सांगतो.

मग करायचं काय?

तेवीस दिवसांत मी जे शिकले ते फुकट देते.

आधी जिना मोजा, मग खोली. जिन्याची रुंदी, वळण, दाराची चौकट, लिफ्टचं दार. बेड किती मोठा हे नंतर, त्याचा सगळ्यात मोठा खोका किती लांब हे आधी विचारा. मजल्यापर्यंत चढवून देणार का आणि त्याचे वेगळे किती, हे बिलावर लिहून घ्या. ‘गुरुवारी नक्की’ हेही लिहून घ्या. ‘हंड्रेड परसेंट’ला कागदावर काही किंमत नसते.

खोके उघडताना व्हिडिओ काढा. प्रत्येक फळीवर एक क्रमांक छापलेला असतो, तो माहितीपत्रकाशी जुळवून बघा. आमच्या दोन्ही फळ्यांवर एकच क्रमांक होता. नंतर सगळ्यात जास्त उपयोग त्याच फोटोचा झाला.

आणि ओटीपी. ओटीपी म्हणजे तुमची सही. काम अपुरं असेल तर देऊ नका. फिटिंगवाल्याचे पैसे जातील असं वाटत असेल, तर त्याच्यासमोरच कंपनीला फोन लावा आणि ‘भाग कमी आला’ अशी नोंद करायला लावा. त्याची व्हिजिट वाया जाण्यात त्याचा दोष नाही आणि आपलाही नाही.

आता कायद्याचं. घाबरू नका, सोपं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला किंवा बिलात लिहिलेल्या मुदतीत (मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत) पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन घेतलं असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दुकान कुठेही असो, तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही.

आणखी एक. मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करतेय. म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून या शहरातले लोक बिलं सांभाळून ठेवून भांडतायत. आपण ॲपवर एक स्टार देऊन राग काढतो आणि विसरून जातो. स्टार कंपनीच्या कामाचा. आपल्या कामाची असते ती लेखी तक्रार.

मी तेच केलं. एकोणिसाव्या दिवशी १९१५ वर तक्रार नोंदवली. त्याच रात्री कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. शिव्या नाहीत, आजीची कहाणी नाही. बिल क्रमांक, चारही तक्रार क्रमांक, तारखा, एकच क्रमांक छापलेल्या दोन फळ्यांचा फोटो, आणि शेवटी एक ओळ: सात दिवसांत फळी आली नाही, तर बेड परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, नाहीतर आयोगात भेटू.

पहिल्यांदाच एका माणसाचा, स्वतःचं नाव सांगणाऱ्या माणसाचा, फोन आला.

चार आकडे

तेविसाव्या दिवशी, सोमवारी, डावी बाजू आली. या वेळी डिलिव्हरीवाल्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. फळीचा रंग उजवीपेक्षा किंचित फिकट होता. बघूनच कळतं. बदलून मागायची का, असं मी विचारलं, तर घरातले सगळे एकदम ‘नको!’ म्हणाले.

फिटिंगला तोच दादा आला. आम्हाला बघून ओशाळला. ‘काका, सॉरी हां त्या दिवशी. मी ऑफिसात सांगितलं होतं फळी नाही म्हणून. पण ओटीपी पडल्यावर ते ऐकत नाहीत.’ बाबा म्हणाले, ‘असू दे रे.’ आजीने त्याला चहा द्यायला लावला. पाऊण तासात बेड उभा राहिला. ड्रॉवर बसले. काकूंची खाट विटांवरून उतरून आपल्या घरी गेली.

‘काका, ओटीपी...’ तो चाचरत म्हणाला.

‘थांब जरा,’ बाबा म्हणाले.

त्यांनी आजीच्या काखेत हात घातला. ती वॉकरवर रेलून चार पावलं चालली, वळली आणि हळूच बेडवर बसली. बाबांनी खाली वाकून बघितलं. दोन्ही टाचा लादीला टेकल्या होत्या. गुडघे कमरेच्या खाली होते. आजीने हाताने गादी दाबून बघितली, मग खालचा ड्रॉवर वॉकरच्या पायाने ढकलून बंद केला.

‘सांग आता त्याला,’ ती म्हणाली.

मग बाबांनी चार आकडे सांगितले.